पायाखालची मॅट : उभ्या कामाच्या प्रश्नाचा आढावा

अँटी-फटीग मॅट म्हणजे एका जागी तासन्‌तास उभे राहून काम करणाऱ्याच्या पायाखाली घालायची, साधारण एक ते दोन सेंटिमीटर जाडीची लवचीक चटई. ती रबराची, पीव्हीसी फोमची, पॉलियुरेथेनची किंवा आत जेल भरलेली असते. वजन पडले की ती थोडी दबते, वजन सरकले की पूर्ववत होते. कारखान्यातली जुळणीची ओळ, हॉटेलचे स्वयंपाकघर, दुकानाचा काउंटर, शस्त्रक्रियागृह आणि सलून ही तिची नेहमीची ठिकाणे. ती घालावी की नाही हा प्रश्न वरकरणी खरेदी खात्याचा वाटतो. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याच्याभोवती जी चर्चा झाली, तिच्यात शरीरशास्त्र, कारखान्यांचे कायदे, दुकानदारीची शिस्त आणि कामाचे तास असे सगळे विषय येऊन बसले आहेत.

बैठे काम उभे कसे झाले

महाराष्ट्रातली बरीचशी जुनी कारागिरी बसून चाले. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसे. सोनार, चांभार, शिंपी बैठकीवर काम करीत. न्हावी गिऱ्हाइकासमोर उकिडवा बसे आणि हलवाई कढईशेजारी मांडी घालून. घरात विळी, जाते, पाटा-वरवंटा आणि चूल, चारही वस्तू जमिनीलगतच्या. शेतातले काम उभ्याने होई, पण ते चालते, वाकते, थांबते काम. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरकडच्या खाचरात भाताची लावणी करणाऱ्या बाईची कंबर भरून येते, पण ती तासभर एकाच जागी ताठ उभी नसते.

गिरणीने हे चित्र बदलले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर यंत्रांच्या रांगांमध्ये कामगारही उभा राहिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यात रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्ये पदरात पडली. पुढेही विश्रांतीची मागणी मुख्यतः अशीच, वेळेच्या हिशेबात, मांडली गेली. कामाच्या जागी टेकायला काही असावे, पायाखाली काही असावे, हा मुद्दा मागेच राहिला. पुढे मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत यंत्रमाग आले आणि खड्ड्यातला विणकरही बाहेर येऊन मागांच्या रांगेत उभा राहिला.

घरातला बदल जास्त खोलवरचा, आणि त्याची नोंद फार कमी झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॅसची शेगडी आली, तिच्याबरोबर कमरेइतका उंच ओटा आला, विळीची जागा सुरीने घेतली. धूर गेला, सतत उठबस करण्याचा त्रास गेला. बदल्यात कडप्प्याच्या ओट्यापुढे, फरशीवर, अनवाणी उभे राहणे आले. सलूनमध्ये खुर्ची आली, ती गिऱ्हाइकासाठी. उकिडवा बसणारा न्हावी तिच्यामागे दिवसभर उभा राहिला.

याच काळात जमीनही पालटली. शेणाने सारवलेली माती जाऊन शहाबादी फरशी आली, कोबा आला, मग टाइल्स आल्या. सारवलेली जमीन काही गादी नसते, पण काँक्रीटच्या मानाने ती पायाला सोसते. माणूस उभा राहिला आणि त्याच्या पायाखालचे कठीण झाले, हे दोन बदल साधारण एकाच पिढीच्या आयुष्यात घडले. पायदुखीतला किती वाटा उभे राहण्याचा आणि किती फरशीचा, या आजच्या वादाचे मूळ या जोडीत आहे.

विसरवाडीतली उभी कामे

आजची उभी कामे पाहायला उदाहरणादाखल विसरवाडी घेऊ. हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले, धुळे-सुरत महामार्गावरचे गाव. पूर्वेला कोंडाईबारीचा घाट, पश्चिमेला नवापूर आणि त्यापुढे लगेच गुजरातची हद्द. नंदुरबारकडे जाणारा रस्ता इथेच फुटतो. अशा नाक्याच्या गावी उभ्या कामांची मोजदाद करायला कारखान्यात जावे लागत नाही. ढाब्याची भट्टी, चहाची टपरी, भजी-वड्यांची कढई, इस्त्रीचे टेबल, पिठाची गिरणी, सलून, मटणाचे दुकान, गॅरेज, पेट्रोल पंप, किराणा दुकानाचा काउंटर आणि रुग्णालयातली पाळी, एवढी यादी महामार्गावरच्या कोणत्याही मोठ्या गावाला लागू पडते. कामासाठी सुरतेला गेलेल्यांचाही या यादीशी संबंध आहे. उधना, लिंबायत भागातल्या मोठ्या खानदेशी वस्तीतले अनेकजण कापडाच्या धंद्यात आहेत, आणि त्या धंद्यातली यंत्रावरची बहुतेक कामे उभ्याने करायची असतात.

ढाब्यावर भट्टीपाशी उभ्या असणाऱ्याची जागा जेमतेम दोन हात लांब-रुंद असते. एका बाजूला पिठाची परात, समोर तवा, पाठीमागे पाण्याचे पिंप. माणूस फिरतो तो टाचेवर, चालत नाही. पायाखाली टाइल, टाइलवर पीठ, पाणी आणि तेल यांचा पातळ थर. थर निसरडा होऊ लागला की त्यावर गोणपाट दुमडून टाकतात. ते भिजले की बदलतात. गोणपाट आधी घसरू नये म्हणून असते, पायाच्या आरामासाठी नंतर. पण दोन-तीन घड्या घातलेल्या गोणपाटावर उभे राहिले की टाच कमी दुखते, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. इस्त्रीवाला लाकडी फळी वापरतो, दुकानदार जाड पुठ्ठा किंवा गालिच्याचा तुकडा, गॅरेजवाला जुन्या टायरचे रबर.

आणखी एक उपाय इतका सवयीचा झाला आहे की तो उपाय म्हणून लक्षातच येत नाही. चहावाला बहुधा एक पाय विटेवर किंवा उपड्या क्रेटवर ठेवून उभा असतो आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलतो. एक पाय थोडा उंचावला की कमरेचा बाक कमी होतो आणि वजन आलटून पालटून वाटले जाते. अर्गोनॉमिक्सची पुस्तके पायटेकणीची जी शिफारस करतात ती हीच.

बाजारात मिळणाऱ्या रबरी मॅटपैकी दोन या भागात ओळखीच्या आहेत, आणि दोन्ही माणसाच्या थकव्यासाठी नाहीत. पहिली विजेच्या पॅनेलपुढची. आयएस १५६५२ या २००६ च्या भारतीय मानकाप्रमाणे बनलेली ही चटई शॉक लागू नये म्हणून असते. ती लवचीक असण्याचे कारण नाही, आणि थकवा घालवायला ती उपयोगी पडेल असे समजणेही चूक. दुसरी गोठ्यातली. गाईच्या गुडघ्यांना आणि खुरांना सिमेंटच्या कोब्याची इजा होऊ नये म्हणून दुग्धव्यवसाय करणारे जाड रबरी मॅट घालतात आणि कृषी प्रदर्शनांत तिची विक्री चांगली होते. कठीण जमिनीवर दिवस काढणाऱ्या देहाला मऊ आधार लागतो, ही गोष्ट गोठ्यात आधी मान्य झाली.

शरीरात काय होते

माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर रक्त कमरेखाली उतरते. स्थिर उभ्या असलेल्या प्रौढ माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत जातो. तोच माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू आवळत-सुटत रक्त वर ढकलतात आणि दाब २०-३० पर्यंत उतरतो. शिरांतल्या झडपा रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. एका जागी उभ्या असलेल्या माणसाचा हा पंप जवळजवळ बंद असतो. रक्त साचते, पाणी ऊतींत झिरपते, संध्याकाळी चपलेचा पट्टा आवळू लागतो. झडपा वर्षानुवर्षे ताणल्या गेल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. त्यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात.

दुसरी गोष्ट स्नायूंची. उभे राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. तोल सांभाळण्यासाठी पोटरी, मांडी आणि कंबर यांचे स्नायू कमी जोराने पण सलग आवळलेले असतात. अशा सलग आवळण्यात त्यांचा स्वतःचा रक्तपुरवठा मंदावतो. पाय भरून येणे, पोटरीत गोळे येणे, कंबर धरणे हे त्याचे परिणाम. टाच आणि तळवा यांवरचा थेट दाब हा तिसरा भाग. मॅटचा सरळ संबंध मुख्यतः याच्याशी आहे, आणि पुढचा सगळा वाद समजायला एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

उभे राहण्याची परिसीमा पाहायची तर ती नाशिकच्या सिंहस्थात दिसते. खडेश्वरी साधू वर्षानुवर्षे न बसण्याचे व्रत घेतात. त्यांचे पाय सुजून खांबासारखे होतात, कातडी काळवंडते, जखमा चिघळतात. मात्र व्रत पाळणारेही निव्वळ पायांवर उभे नसतात. झाडाला किंवा मांडवाला टांगलेल्या झुल्यावर छाती आणि हात टेकून ते भार हलका करतात. कारखान्यांत अर्धवट टेकण्यासाठी जी उंच तिरपी बैठक मिळते, तिचे तत्त्व झुल्याहून फार वेगळे नाही.

दीर्घकालीन परिणामांबद्दलचा पुरावा मुख्यतः परदेशातला आहे. डेन्मार्कमधल्या अभ्यासांत मुख्यतः उभ्याने किंवा चालत काम करणाऱ्यांना व्हेरिकोज व्हेन्ससाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण जास्त आढळले. फिनलंडमधल्या पुरुषांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कामावर जास्त उभे राहणे आणि मानेतल्या रोहिणीचे काठिण्य वाढणे यांचा संबंध दिसला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ७,३२० कामगारांची सुमारे बारा वर्षांची माहिती तपासली गेली. मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघाला. या शेवटच्या निष्कर्षाची बातमी जगभर झाली. त्यातली मर्यादा बातम्यांत फारशी आली नाही: कोण किती उभा असतो हे प्रत्यक्ष मोजलेले नव्हते, ते व्यवसायाच्या नावावरून ठरवले होते.

मॅटबद्दलचा पुरावा

मॅट काय करते, याबद्दल दोन उपपत्ती आहेत. एक साधी: ती दाब तळव्यावर पसरवते, म्हणून टाच दुखत नाही. दुसरी जास्त आकर्षक, आणि विक्रीच्या पत्रकांत हटकून आढळणारी: मऊ पृष्ठभागावर तोल किंचित ढळत राहतो, तो सावरताना पोटरीचे स्नायू हलतात आणि रक्त वर जाते. पहिलीला आधार बराच आहे. दुसरी तर्काला धरून आहे, पण ती पुरेशी सिद्ध झाली असे म्हणवत नाही.

प्रयोगांची सुरुवात १९९० च्या दशकात झाली. रेडफर्न आणि चॅफिन यांनी १९९५ मध्ये जुळणी कामगारांवर वेगवेगळ्या जमिनी तपासल्या. काँक्रीट त्रासदायक ठरले, पण सगळ्या मऊ जमिनी सारख्या चांगल्या ठरल्या नाहीत. चॅम आणि रेडफर्न यांच्या २००१ मधल्या प्रयोगात माणसे सलग चार तास उभी केली. पहिल्या दोन तासांत जमिनींमधला फरक हातीच लागला नाही. तो तिसऱ्या-चौथ्या तासाला दिसू लागला. हा निष्कर्ष व्यवहारात फार मोलाचा आहे. दुकानात पाच मिनिटे मॅटवर उभे राहून ती चांगली की वाईट ठरवणारा ग्राहक आणि तीच पाच मिनिटे दाखवणारा विक्रेता, दोघेही चुकीच्या वेळी परीक्षा घेत असतात. याच प्रयोगातून असेही दिसले की जास्त लवचीक आणि काहीशी ताठ मॅट बरी पडते; पाय रुतवून घेणारी, ऊर्जा गिळून टाकणारी मऊ मॅट नव्हे. फार मऊ मॅट म्हणजे ओल्या वाळूत उभे राहणे.

किंग यांनी २००२ मध्ये कारखान्यातल्या कामगारांवर चार गोष्टींची तुलना केली: कठीण जमीन, मॅट, बुटातला मऊ तळ, आणि मॅट व तळ दोन्ही. कठीण जमीन सगळ्यांत वाईट ठरली. उरलेल्या तिन्हींत लक्षणीय फरक निघाला नाही. म्हणजे जिथे मॅट घालणे अवघड, तिथे बुटातला तळ तेच काम करू शकतो. सुजेबाबत चित्र निराळे आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या जमिनींवर दिवसभर उभे राहिल्यावर पोटरीच्या आकारमानात लक्षणीय फरक आढळला नाही. बरे वाटणे एक आणि रक्त साचणे थांबणे दुसरे, हा भेद इथे उघड होतो.

२०१५ मध्ये गार्सिया, लॉइब्ली आणि मार्टिन यांनी आणखी एक गुंतागुंत दाखवली. पाच तास उभ्याने काम केल्यावर स्नायूंतला थकवा विश्रांतीनंतरही मोजता येत होता, जेव्हा माणसाला स्वतःला तो जाणवत नव्हता. 'पाय आता बरे आहेत' या उत्तरावर बहुतेक मॅट-अभ्यास उभे असतील, तर ते उत्तर किती विश्वासाचे, असा प्रश्न यातून निघतो. हे प्रयोग लहान आहेत, बरेचदा दहा-वीस माणसांचे, काही तासांचे किंवा थोड्या दिवसांचे. त्यांवर बेतलेले पुढचे आढावे सावध आहेत: मॅटमुळे अस्वस्थता कमी होते याला ठीक पुरावा, आजार टळतो याला नाही.

तीन भूमिका

पहिली भूमिका मॅटच्या बाजूची. ती स्वस्त आहे, काम थांबवावे लागत नाही, जागेची रचना बदलावी लागत नाही आणि कामगाराला त्याच दिवशी फरक जाणवतो. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या माणसाला बसायला सांगता येत नाही, पुरी तळणाऱ्यालाही नाही. अशा जागी जे शक्य ते करावे. ही भूमिका केवळ विक्रेत्यांची नाही. सुरक्षा अधिकारी आणि अनुभवी स्वयंपाकीही ती घेतात.

दुसरी भूमिका म्हणते, प्रश्न जमिनीचा नाही, तासांचा आहे. नेदरलँड्समधल्या मार्गदर्शक सूचनांत सलग एक तासापेक्षा आणि दिवसात एकूण चार तासांपेक्षा जास्त स्थिर उभे राहणे टाळावे, अशी मर्यादा धरलेली आहे. बारा तासांच्या पाळीत मॅट घालून उभे राहिलेला कामगार या मर्यादेच्या तिप्पट उभा राहतो, आणि मॅट असल्यामुळे मालकाला काहीतरी केल्याचे समाधान मात्र मिळते. हा आक्षेप कडवट वाटला तरी त्याला उत्तर देणे मॅटच्या बाजूला जड जाते.

तिसरी भूमिका यांच्या मधली, आणि बहुतेक अभ्यासकांची. उभे, बसणे आणि चालणे यांची आलटापालट, कामाची योग्य उंची, पायटेकणी, बरे पादत्राण आणि शेवटी मॅट, अशा क्रमाने उपाय करावेत. मॅट पहिली पायरी नाही, पण निरुपयोगीही नाही. उपलब्ध पुराव्याला हीच भूमिका सर्वांत जवळची आहे. तिची अडचण एकच: ती मोठ्या, व्यवस्थापन असलेल्या कारखान्याला सुचते. पाच माणसांच्या ढाब्यात आलटापालट करायला दुसरा माणूस नसतो.

या वादाला २०१० नंतर एक विचित्र फाटा फुटला. सतत बसणे घातक असल्याचे इशारे वाढले आणि मोठ्या शहरांतल्या आयटी कार्यालयांत उभे राहून काम करायची टेबले आली. त्यांच्याबरोबर मॅटही आली. ज्या दशकात संगणकावरचा कर्मचारी हौसेने उभा राहू लागला, त्याच दशकात केरळातल्या दुकानांतली विक्रेती, पुढे येईल त्याप्रमाणे, बसण्याच्या हक्कासाठी भांडत होती. दोघांच्या उभे राहण्यात फरक आहे तो इतकाच की पहिल्याला हवे तेव्हा बसता येते.

कायदा बसण्याबद्दल बोलतो

कायद्यांचा इतिहास पाहिला तर चटई त्यात जवळजवळ नाही, खुर्ची आहे. ब्रिटनने १८९९ मध्ये दुकानांतल्या महिला नोकरांसाठी दर तिघींमागे एक बैठक असावी, असा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६४ च्या व्यापार आणि कार्यालयांविषयीच्या करारात पुरेशा बैठका आणि त्या वापरण्याची वाजवी संधी, या दोन्हींचा उल्लेख आहे. दुसरा भाग महत्त्वाचा, कारण खुर्ची असून बसू न देणे ही दुकानांतली जुनी पद्धत आहे.

भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ४४ नुसार उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी, कामात मिळेल ती उसंत घेता यावी म्हणून, बसण्याची योग्य सोय ठेवणे बंधनकारक होते. जे काम बसूनही चांगले होऊ शकते तिथे तशी बैठक देण्याचा आदेश मुख्य निरीक्षक देऊ शकत असे. त्याच अधिनियमाचे कलम ३२ जमीन अडथळ्यांपासून मुक्त आणि न घसरणारी असावी असे सांगत असे. मॅट या दोन कलमांच्या मध्ये अडकत असे. चांगली बसवली तर ती घसरण थांबवते. कडा वळल्या की तीच अडथळा होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचा उल्लेख कायम आहे. मात्र वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली आहे.

दुकानांची गोष्ट वेगळी. गिऱ्हाइकासमोर उभा तो तत्पर, बसला तो आळशी, हा समज दुकानदारीत मुरलेला आहे. मराठीतही स्वतःच्या पायावर उभे राहणे हा गौरव आणि बाकावर उभे राहणे ही शिक्षा. दुकानातल्या नोकराच्या वाट्याला यातले नेमके कोणते येते, हे मालकावर अवलंबून राहते. केरळात पी. विजी आणि 'पेनकूट्टू' या कोळिकोडच्या महिला संघटनेने हा विषय लावून धरला. २०१४ च्या अखेरीस त्रिशूरमध्ये एका साडीच्या दुकानातल्या महिलांनी बसण्याच्या हक्कासाठी संप केला. २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकाने कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय बंधनकारक केली. तामिळनाडूने २०२१ मध्ये तशीच दुरुस्ती केली.

महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ चा. तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आला आणि त्याच्या मुख्य तरतुदी दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्यास, आणि दुकानांत रोजचे कमाल काम नऊवरून दहा तास, कारखान्यांत नऊवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली. उभ्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. विसरवाडीसारख्या गावातले बहुतेक ढाबे, सलून आणि टपऱ्या आधीही या तरतुदींच्या बाहेर होत्या आणि पुढेही राहतील. तिथे बसण्याची सोय मालक-नोकरांच्या संबंधांवर ठरते, आणि पुष्कळदा मालक स्वतःच तव्यापुढे उभा असतो.

घालायची झाली तर

मॅट निवडताना जागा पाहून वस्तू ठरते. तेल-तूप पडणाऱ्या ठिकाणी साधे नैसर्गिक रबर किंवा फोम टिकत नाही; तेलाने रबर फुगते, फोम ते शोषून घेतो. तिथे नायट्राइल रबर लागते. पाणी पडणाऱ्या जागी भोके असलेली मॅट बरी, म्हणजे पाणी खाली निथळते. पण मग भोकांत भाताची शिते आणि कणीक अडकते. अन्नसुरक्षेचे २०११ चे नियम स्वयंपाकघराची जमीन स्वच्छ करायला सोपी असावी असे सांगतात, त्यामुळे मॅट रोज उचलून, धुऊन, उभी करून वाळवावी लागते. चांगल्या नायट्राइल मॅटचे वजन पाहता रात्री बारानंतर ते कोण करणार, यावर मॅटचे आयुष्य ठरते. न उचललेल्या मॅटखाली महिन्याभरात चिकट थर जमतो आणि झुरळांची सोय होते.

कडा उतरत्या हव्यात, नाहीतर ठेच लागते आणि हातात उकळते तेल असेल तर ठेच म्हणजे अपघात. जाडी दोन सेंटिमीटरच्या वर गेली की तोल जाऊ लागतो. मॅट घातल्याने माणूस तेवढा उंच होतो, मग ओट्याची उंची कमी पडते; हा हिशेब बहुतेकजण विसरतात. मॅट संपली हे ओळखण्याची खूण सोपी आहे: अंगठा दाबून सोडल्यावर खळगा भरून आला नाही, किंवा जिथे टाचा टेकतात तिथे कायमचे दोन खोलगट डाग पडले, की ती बदलायची. ती दिसायला तशीच राहते, म्हणून बदलली जात नाही.

न सुटलेले

सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न अनवाणी पायाचा. मॅटवरचे बहुतेक प्रयोग बूट घातलेल्या माणसांवर, थंड हवेच्या देशांत, कोरड्या जमिनीवर झाले. बुटाचा तळ स्वतःच एक मॅट असतो. मराठी घरातली बाई ओट्यापुढे अनवाणी असते, ढाब्यावरचा आचारी रबरी चपलेत. अशा पायाला मॅटचा फायदा जास्त होईल असे मानायला जागा आहे. उलट, लहानपणापासून अनवाणी चाललेल्या पायाची ठेवण आणि तळव्याची कातडी वेगळी असते, म्हणून फरक कमी पडेल असेही म्हणता येते. भट्टीची धग हा आणखी एक घटक. उष्णतेने शिरा सैलावतात, रक्त जास्त साचते. एप्रिल-मेमध्ये खानदेशात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत तव्यापुढे उभे राहणे आणि वातानुकूलित प्रयोगशाळेत उभे राहणे एका मापाने मोजता येणार नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. अस्वस्थता विचारून कळते, सूज टेपने मोजता येते, शिरांचा आजार दहा-वीस वर्षांनी दिसतो. मॅट घातलेल्या आणि न घातलेल्या कामगारांचा इतका काळ पाठपुरावा करणे कोणालाच परवडलेले नाही. लहान आस्थापनांत तर माणसेच टिकत नाहीत. आज ढाब्यावर असलेला मुलगा पुढच्या हंगामात सुरतेला किंवा ऊसतोडीला असतो. त्याच्या पायांचा हिशेब कोणत्याही एका मालकाच्या वहीत येत नाही.

तिसरा प्रश्न फिरत्या उभ्या कामाचा. वाढपी, एसटीचा वाहक, वॉर्डातली परिचारिका, पेट्रोल पंपावरचा कामगार दिवसभर पायांवर असतात, पण एका जागी नाही. चालण्याने पोटरीचा पंप सुरू राहतो, म्हणून त्यांचा त्रास स्थिर उभ्या माणसापेक्षा वेगळा, टाचेचा आणि गुडघ्याचा जास्त. त्यांच्यासाठी चटई कुठे घालायची हेच ठरत नाही. पंपावर तर सांडलेल्या पेट्रोलने साधे रबर फुगते आणि वाहनांची चाके त्याच जागेवरून जातात. तिथे उपाय दोनच उरतात: चांगल्या तळाचे बूट, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात टेकायला सावलीतले एक स्टूल.